विषारी वायूची वर्दी : शोध कागदावर, माणूस गटारात

हायड्रोजन सल्फाइड या वायूचा एक विश्वासघातकी गुण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा दर्प, हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसताना, नाकाला जाणवतो. परंतु हेच प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो. प्रमाण पाचशे भागांच्या पुढे गेले की शुद्ध हरपते आणि हजाराच्या घरात गेले तर चारदोन श्वासांत सारे आटोपते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे मलवाहिन्या, मलकुंडे, बंदिस्त टाक्या अशा खोल जागी साठून राहतो. वर उभ्या असलेल्या मुकादमाला त्याचा पत्ता नसतो. खाली उतरलेल्या मजुराला पत्ता लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्याला काढावयास दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढावयास तिसरा, आणि तिघेही वर येत नाहीत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील अशा बातम्या वाचण्याची आता वाचकांना सवय झाली आहे.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. अधिक व्यापक असा दुसरा कायदा २०१३ साली आला. त्याखालील नियमांत सुरक्षा-साधनांची जी यादी आहे, तीत वायुमापकाचाही समावेश आहे. १९९३ पासून मलवाहिन्यांत मृत्युमुखी पडलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेण्यात आली. तरीही सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत मलवाहिन्या व मलकुंडे साफ करताना ३७७ जणांचे प्राण गेले. एप्रिल २०२३ मध्ये लुधियानाच्या गियासपुरा भागात तर गटारातून आलेल्या वायूने रस्त्यावरील व घरांतील ११ माणसे दगावली.

याच काळात पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकांत एक वेगळीच सृष्टी फुलत होती. एकाच अणूच्या जाडीच्या पटलावर वायूचा एखादा रेणू येऊन बसला तरी त्याची वर्दी विजेच्या भाषेत देता येते, असे सिद्ध झाले. या पटलात निवडक परके अणू मिसळले, तर त्याला हवा तो वायू ओळखण्यास शिकविता येईल, अशी आशा निर्माण झाली. आपल्या देशातील विद्यापीठांतूनही या विषयावर शोधनिबंध बाहेर पडले. एकीकडे एक रेणू टिपणारे शास्त्र आणि दुसरीकडे दहा लाखांत हजार भाग वायू असलेल्या खड्ड्यात बिनबोभाट उतरविला जाणारा मजूर, या दोहोंमधील अंतर कशामुळे पडले? हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा जितका आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

दिवा, पक्षी आणि तापलेला मणी

विषारी वायूची आगाऊ सूचना मिळविण्याची धडपड जुनी आहे. १८१५ साली हंफ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी जाळीदार दिवा तयार केला. स्फोटक वायू असेल तर त्याची ज्योत बदले आणि तीच सूचना होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइडची चाहूल घेण्यासाठी लहान पक्षी खाणीत न्यावेत, असे सुचविले. पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोलमडतो, एवढ्यावर ही पद्धत उभी होती. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी हटविण्याचा निर्णय १९८६ साली झाला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या क्षेत्रातील प्रगतीची गती किती मंद होती, हे कळून येते. त्याच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटची गळती प्रथम कामगारांच्या डोळ्यांना झोंबली होती. डोळ्यांची आग होणे हाच तेथे गळती ओळखण्याचा रूढ मार्ग होता.

मधल्या काळात जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक बनविला. १९६२ साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६८ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. हा ऑक्साइड तापविला की त्याच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन चिकटून बसतो व विजेच्या वहनाला अडथळा करतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू आला की तो हा ऑक्सिजन खर्ची घालतो आणि वहन वाढते. तत्त्व सोपे, वस्तू स्वस्त आणि टिकाऊ. परंतु तिला सुमारे तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवावे लागते, त्यासाठी वीज खर्च होते आणि एक ज्वलनशील वायू दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे तिला नीटसे साधत नाही. आज कारखान्यांतून जे हातात धरण्याजोगे मापक वापरतात, त्यांत विषारी वायूंसाठी बहुधा विद्युत-रासायनिक कोष असतात. ते बरेच विश्वासार्ह आहेत; पण त्यांचे आयुष्य दोनतीन वर्षांचे, आणि ठरावीक मुदतीने ते प्रमाणित वायूशी ताडून पाहावे लागतात. साहजिकच, न तापविता चालणारा, नखाएवढा आणि स्वस्त संवेदक ही खरी गरज आहे. एका अणूच्या जाडीच्या पदार्थांकडे शास्त्रज्ञ वळले ते या गरजेपोटी.

एका अणूच्या जाडीचे पटल

शिसपेन्सिलीत जे ग्रॅफाइट असते, ते कार्बनच्या असंख्य पातळ थरांची चवड असते. या चवडीतून एकच थर सुटा करण्यात मँचेस्टर येथील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांना २००४ साली यश आले. त्यासाठी त्यांनी साध्या चिकटपट्टीचा उपयोग केला, ही हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे. ग्राफीन नावाच्या या पदार्थाबद्दल त्यांना २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वायू टिपण्याच्या कामी या पटलाचे महत्त्व असे, की त्याला अंतरंग नाही. जे आहे ते सारे पृष्ठच आहे. धातूच्या जाड तुकड्यावर वायूचे चार रेणू बसले तर आतील अब्जावधी अणूंना त्याची दादही नसते. येथे मात्र प्रत्येक अणू हवेच्या संपर्कात असतो. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ, हिशेबाने, २,६३० चौरस मीटर भरते. आपल्याकडील जमिनीच्या मापात सांगावयाचे तर ही सव्वीस गुंठे जागा झाली. या जागेवर वायूचा रेणू उतरला की तो पटलाला थोडे इलेक्ट्रॉन देतो किंवा पटलाकडून घेतो, आणि पटलाचा विद्युत्-रोध बदलतो. हा बदल मोजला की वायूची वर्दी मिळाली.

रेणूने पृष्ठावर येऊन बसण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. भिंतीवर धूळ बसते तसे रेणू वरच्यावर बसतात, ते अधिशोषण. त्याचे पहिले नीटस गणित अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ साली मांडले. पृष्ठावर बसण्याच्या जागा मोजक्याच असतात आणि कोणत्याही क्षणी काही रेणू बसत असतात तर काही उठत असतात, हे त्या गणिताचे सार होय. बसणे आणि उठणे या दोन्ही क्रियांना त्यांनी सारखेच महत्त्व दिले, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२००७ साली मँचेस्टरच्याच गटाने ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू येताना व जाताना टिपल्याचे जाहीर केले. वायुमापनाच्या इतिहासात एवढी सूक्ष्म दृष्टी कोणत्याही घन पदार्थाला लाभली नव्हती. तथापि हा प्रयोग अत्यंत नियंत्रित परिस्थितीतला होता आणि पटलावर बसलेला वायू हटविण्यासाठी त्याला निर्वातात १५० अंशांपर्यंत तापवावे लागत होते. वार्ता जगभर गेली ती पहिल्या भागाची. दुसरा भाग तज्ज्ञांपुरता राहिला.

हेतुपुरस्सर भेसळ

शुद्ध ग्राफीन हे जवळजवळ निर्विकार असते. कार्बनचा प्रत्येक अणू आपल्या तीन शेजाऱ्यांशी घट्ट जखडलेला असल्यामुळे परक्या रेणूला धरावयास त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, पाण्याची वाफ यांचे रेणू त्यावर क्षणभर टेकतात आणि निघून जातात. यावर उपाय म्हणून भेसळीचा मार्ग निघाला. व्यापारात निंद्य ठरलेली भेसळ अर्धवाहकांच्या शास्त्रात मात्र सर्व शक्तीचे मूळ आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. कार्बनच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, बोरॉनच्या तीन आणि नायट्रोजनच्या पाच. शेकडा एकदोन कार्बन अणूंच्या जागी बोरॉन बसविला तर पटलात इलेक्ट्रॉनांची तूट पडते. नायट्रोजन बसविला तर शिल्लक राहते. ज्या ठिकाणी तूट वा शिल्लक असते, तेथे देवघेव करण्यास येणारा रेणू अधिक रेंगाळतो.

अशी पटले प्रत्यक्षात बनविण्याच्या कामात भारतीय शास्त्रज्ञ मागे नव्हते. बोरॉन व नायट्रोजन मिसळलेले ग्राफीन तयार करून त्याचे गुणधर्म सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. बोरॉनयुक्त ग्राफीनच्या मोठ्या पटलावर नायट्रोजन डायऑक्साइडचे अस्तित्व शंभर कोटींत काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही कळते, असे २०१५ साली दाखविण्यात आले. ग्राफीनच्या पाठोपाठ मॉलिब्डेनम डायसल्फाइड, काळा फॉस्फरस असे इतर पातळ पदार्थही या कामी पुढे आले.

परंतु याहून कितीतरी मोठे पीक आले ते संगणकावरील गणिताचे. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ व १९६५ साली मांडलेल्या घनता-फल सिद्धांतामुळे पदार्थातील इलेक्ट्रॉनांचे वर्तन प्रयोगाविना मोजता येऊ लागले. या कार्याबद्दल कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या पद्धतीने २००८ साली असे दाखविण्यात आले, की ग्राफीनमध्ये ॲल्युमिनियमचा एक अणू बसविला तर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू त्यावर कितीतरी पटींनी घट्ट बसतो. मग वाट मोकळी झाली. पटले दहावीस, मिसळण्याजोगी मूलद्रव्ये पन्नास, वायू दहाबारा. यांचा नुसता गुणाकार केला तरी काही हजार जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीवर एक निबंध लिहिता येतो. अमुक पटलात तमुक अणू घातल्यास त्या वायूची पकड इतकी वाढते, म्हणून हा पदार्थ संवेदकासाठी आशादायक आहे, अशा वाक्याने यातील पुष्कळ निबंधांचा समारोप होतो.

धरणे आणि सोडणे

येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा. पकड वाढणे ही गोष्ट सर्वस्वी चांगली आहे काय?

संवेदकाचे काम एकदाच वर्दी देऊन संपत नाही. वायू आला की त्याने सांगितले पाहिजे, गेला की तेही सांगितले पाहिजे, आणि पुन्हा आला तर पुन्हा. म्हणजेच बसलेला रेणू वेळेवर उठलाही पाहिजे. रेणू किती वेळ बसून राहील याचा हिशेब सोपा आहे. पकडीचे बळ इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात मोजतात. नेहमीची गृहीते धरली, तर २७ अंश तपमानाला ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पकड असलेला रेणू सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उठून जातो. पकड ०.८ झाली तर त्याला अर्धे मिनिट लागते. १.० झाली तर सतरा तासांहून अधिक. आणि १.२ झाली, तर साडेचार वर्षे.

पकड दुप्पट झाली तर विलंब दुप्पट होईल, ही व्यवहारी समजूत येथे पार फसते. ती दुप्पट होताच शतांश सेकंदाची साडेचार वर्षे होतात. असा पदार्थ एकदा वायू टिपील आणि मग साडेचार वर्षे आंधळा होऊन बसेल. त्याला दोनशे अंशांपर्यंत तापविले तर हीच साडेचार वर्षे सुमारे सहा सेकंदांवर येतात, हे खरे. पण मग तापविण्याची वीज आली, तिच्यासाठी बॅटरी आली, आणि ज्या दोषामुळे कथिलाच्या ऑक्साइडचा त्याग करावयाचा होता, त्याच दोषाच्या दारात आपण परत येऊन उभे राहिलो. उपयुक्त पकडीचा पट्टा अत्यंत अरुंद असतो. कित्येक निबंधांत अभिमानाने नमूद केलेली पकड या पट्ट्याच्या पलीकडची असते. असा पदार्थ विषारी वायू गाळून काढण्याच्या कामी येईल. वर्दी देण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. संगणकावरील बहुतेक गणिते निर्वात पोकळीत आणि निरपेक्ष शून्य तपमानाला केलेली असतात. तेथे एक पटल असते, एक रेणू असतो, तिसरे कोणी नसते. गटाराच्या तोंडाशी परिस्थिती कशी असते? मुंबईतील जुलै महिन्याची हवा घ्या. ३० अंशांना बाष्पाने संपृक्त झालेल्या हवेत दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ४२,००० रेणू पाण्याचे असतात. हायड्रोजन सल्फाइडची सूचना त्याचे प्रमाण दहा लाखांत दहा भाग असतानाच मिळावयास हवी, असे धरले तर त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे चार हजारांहून अधिक रेणू त्याच जागेसाठी धडपडत असतात. शिवाय मिथेन आहे, अमोनिया आहे, आणि ऑक्सिजन तर आहेच. या गर्दीत एकाच वायूला ओळखणे म्हणजे पंढरपुरास आषाढीच्या वारीत एका विवक्षित वारकऱ्याचा आवाज ओळखण्यासारखे आहे. ज्या पटलाची पकड भेसळीने वाढविली, त्याची पाण्यावरील पकडही बहुधा वाढलेली असते, ही आणखी एक अडचण.

या अडचणी शास्त्रज्ञांना माहीत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. पटलावर धातूचे सूक्ष्म कण बसविणे, प्रकाशाचा झोत टाकून रेणूंना उठविणे, दहावीस निरनिराळ्या संवेदकांची ओळ करून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून वायू ओळखणे असे कल्पक उपाय निघाले आहेत. प्रश्न असा आहे की, मनुष्यबळ आणि पैसा पहिल्या प्रकारच्या कामावर इतका आणि दुसऱ्या प्रकारच्या कामावर इतका थोडा का खर्च होतो?

स्वस्त गणित, महाग चाचणी

याचे उत्तर व्यक्तींच्या सद्हेतूत शोधण्यापेक्षा त्यांच्यापुढील किमतींच्या तक्त्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल. एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला संगणकावर पकडीचे गणित करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणक योजना मंजूर झाली आणि तीतून उभारलेले महासंगणक, पुण्यातील 'परम ब्रह्म'सह, संशोधकांच्या सेवेस आले. हे सर्वथैव योग्यच झाले. त्यामुळे एका गणिताची किंमत उतरली आणि निबंध काही महिन्यांत हातात पडू लागला.

याउलट तोच पदार्थ प्रत्यक्ष बनवावयाचा, त्याला विजेची टोके जोडावयाची, विषारी वायूचा प्रमाणित साठा आणावयाचा, आर्द्रता बदलून शेकडो वेळा त्याची परीक्षा घ्यावयाची आणि मग वर्षभर तो एखाद्या मलवाहिनीच्या तोंडाशी टांगून ठेवावयाचा, तर पैसा लागतो, परवानग्या लागतात आणि तीनचार वर्षे जातात. इतके करून निष्कर्ष काय निघतो? पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात संवेदक निकामी झाला, असा. हा निष्कर्ष समाजाच्या दृष्टीने अमूल्य असतो. पण तो छापावयास नियतकालिके फारशी उत्सुक नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांचे मोल गुणांत मोजावयास सुरुवात केली. ज्याची बढती निबंधांच्या संख्येवर ठरते, तो अध्यापक चार वर्षांत एक अपयशी चाचणी करील की बारा यशस्वी गणिते? अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे उत्तर सांगता येईल.

यावर असा आक्षेप येईल की, मूलभूत संशोधनाला उपयुक्ततेची फूटपट्टी लावू नये. आक्षेप वजनदार आहे. गाइम आणि नोव्होसेलोव्ह चिकटपट्टी घेऊन बसले तेव्हा त्यांच्यापुढे गटार नव्हते. परंतु मूलभूत संशोधनाला मिळणारे हे अभय त्याच्या नावीन्यासाठी असते. हजारो जोड्यांपैकी आणखी एका जोडीचे गणित करणे हे नावीन्यही नव्हे आणि उपयोजनही नव्हे. शिवाय, असा निबंध स्वतःच आपल्या प्रस्तावनेत विषारी वायूंच्या धोक्याचा दाखला देत असेल, तर त्या धोक्याच्या फूटपट्टीने त्याचे माप घेण्यात अन्याय कसला? निदान पकडीच्या आकड्याबरोबर सुटकेचा वेळ आणि पाण्याच्या वाफेशी तुलना दिलीच पाहिजे, एवढी अट संपादकांनी व परीक्षकांनी घातली तरी त्या गणिताचे मोल वाढेल. त्यास पैसा लागत नाही.

ग्राहक कोण?

समजा, या सर्व अडचणी दूर झाल्या आणि उत्तम संवेदक तयार झाला. तो विकत कोण घेईल? या प्रश्नाकडे पदार्थविज्ञानाच्या चर्चेत सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः सारी मेख येथेच आहे.

तागुची यांच्या संवेदकाला जपानमध्ये बाजारपेठ मिळाली, कारण ज्याच्या स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर होते, तोच ग्राहक होता. जीव त्याचा, पैसाही त्याचा. मलवाहिनीच्या बाबतीत जीव एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि निर्णय तिसऱ्याचा असतो. नगरपालिका सर्वांत कमी बोलीची निविदा स्वीकारते. ठेकेदार त्या रकमेत आपला नफा बसवितो. मजूर रोजंदारीवर, बहुधा कागदोपत्री कोठेही नोंद नसलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या याच कामाला जखडलेल्या जातींतून आलेला. वायुमापकाची मागणी तो करू शकत नाही; केली तर दुसरा मजूर तयार असतो. जो ठेकेदार मापक घेईल त्याची बोली वाढेल आणि काम जाईल. आर्थर पिगू यांनी १९२० साली दाखवून दिले होते की, उत्पादकाच्या हिशेबात न येणारा खर्च समाजातील दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसतो. येथे तो एका विधवेच्या आणि तिच्या मुलांच्या माथी बसतो. पदार्थविज्ञानातील अधिशोषणाची चर्चा या दुसऱ्या, जुन्या शोषणापाशी येऊन थांबते, हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे.

वायुमापक आज बाजारात मिळतच नाहीत, असे थोडेच आहे? हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन आणि ज्वलनशील वायू असे चारही एकाच वेळी दाखविणारी हातातील यंत्रे कारखान्यांत, तेलशुद्धीकरण केंद्रांत रोज वापरली जातात. तेथे ती आहेत, कारण तेथे अपघात झाला तर भांडवलाचे नुकसान होते. तेव्हा गटारातील मृत्यू हे ग्राफीनच्या अभावी होत आहेत, असे कोणी म्हणू लागला तर ती शास्त्राच्या नावाखाली केलेली फसवणूक ठरेल.

मालाच्या दर्जाचा प्रश्नही लहान नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते. चांगला आणि वाईट माल ओळखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. स्वस्त संवेदकांना हे तंतोतंत लागू पडते. काट्याने दाखविलेला आकडा खरा की खोटा, हे पाहण्यासाठी दुसरे, अधिक महाग यंत्र लागते. हवेचे प्रदूषण मोजणाऱ्या यंत्रांच्या तपासणीचे व प्रमाणपत्राचे काम केंद्र सरकारने २०१९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे सोपविले, ते या विचाराने. मलवाहिन्यांत वापरावयाच्या मापकांसाठी, दमट व कुबट हवेतील चाचणीसह, तशीच सोय राज्याराज्यांतून व्हावयास हवी.

काय करता येईल?

जेथे गरज आहे पण खरेदीदार नाही, तेथे सार्वजनिक संस्थांनी खरेदीदार व्हावे लागते. याला अलीकडचा दाखला आहे. गरीब देशांतील मुलांच्या न्यूमोकोकल लशीसाठी औषध कंपन्या पैसा घालीनात, तेव्हा काही सरकारांनी आणि एका धर्मादाय न्यासाने मिळून २००९ साली दीड अब्ज डॉलरची हमी दिली : ठरलेल्या गुणांची लस बनवा, ठरलेल्या किमतीला आम्ही घेतो. तयार माल दाखविल्यावाचून हमीतला पैसा कोणाच्याही हाती पडणार नव्हता.

महाराष्ट्रातील महापालिकांनी एकत्र येऊन अशीच हमी का देऊ नये? शेकडा ९५ आर्द्रतेत चालणारा, दहा लाखांत दहा भाग हायड्रोजन सल्फाइडची अर्ध्या मिनिटात सूचना देणारा, वायू गेल्यावर तितक्याच वेळात पूर्वस्थितीला येणारा आणि एक पावसाळा टिकणारा संवेदक. एवढ्या चार अटी कागदावर लिहून, इतके हजार नग इतक्या दराने घेऊ असे जाहीर केले, तर कोणत्या पटलात कोणता अणू मिसळावा हे शोधण्यास पुणे, कोल्हापूर, मुंबई येथील प्रयोगशाळांना एक निश्चित लक्ष्य मिळेल. ग्राफीन जिंको किंवा कथिलाचा ऑक्साइड जिंको. महापालिकेने त्यात पक्षपात करण्याचे कारण नाही. हे होईपर्यंत, आज उपलब्ध असलेल्या मापकाची किंमत प्रत्येक निविदेत वेगळ्या, न स्पर्धिल्या जाणाऱ्या रकमेने दाखविणे बंधनकारक करावे. म्हणजे सुरक्षेत काटकसर करून बोली कमी करण्याचा मार्ग बंद होईल.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. उत्तम संवेदक आला म्हणून माणसाला गटारात उतरविण्यास हरकत नाही, असा अर्थ निघू लागला तर सारेच मुसळ केरात जाईल. मापकाचा उपयोग यंत्राला वाट दाखविण्यासाठी, झाकण उघडण्यापूर्वी वस्तीला सावध करण्यासाठी आणि अपरिहार्य प्रसंगी बचाव-पथकाच्या रक्षणासाठी आहे. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविलेले, गटार साफ करणारे यंत्र २०१८ साली तिरुवनंतपुरमला कामाला लागले. संवेदकाची खरी जागा अशा यंत्राच्या हातावर आहे, मजुराच्या कमरेला नव्हे.

खाणीतील कॅनरीला हटविण्यास ब्रिटनला सुमारे नव्वद वर्षे लागली. ती हटली, कारण तिची जागा घेणारे यंत्र विकत घेण्याची कोणीतरी तयारी दाखविली. आपल्या शहरांतून ते काम अजून जिवंत माणसाकडून करून घेतले जाते. एक रेणू टिपण्याइतके शास्त्र सूक्ष्म झाले आहे. अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ लिहिण्याइतकी सूक्ष्मता शहरांच्या कारभाऱ्यांना दाखविता येईल की नाही, हे आगामी अंदाजपत्रकांतच दिसेल.